लांब शब्द, जड जीभ

माझी वाचा गेली तेव्हा माझा वर्ग हसत होता.

हे आधीच सांगून टाकते, कारण भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "पण तुम्हाला कळलं कसं हो?" मला नाही कळलं. समोर बसलेल्या खच्चून भरलेल्या वर्गालाही नाही कळलं, आणि त्याला कारण मीच लावलेली एक सवय होती.

अमीरपेटच्या एका इमारतीत मी स्पोकन इंग्लिश शिकवायची. नव्वदीतली वर्षं. हैदराबादला तेव्हा कॉम्प्युटरचं आणि अमेरिकेचं वेड लागलं होतं. खालच्या मजल्यावर कॉम्प्युटरचे कोर्स चालायचे आणि वर आमच्याकडे तोंडाचा कोर्स. वरंगल, करीमनगर, नलगोंड्याची मुलं यायची. डोक्यानं तल्लख, पण परदेशातून फोनवर इंटरव्ह्यू म्हटलं की पाचावर धारण बसायची. त्यांचे लांब शब्द मोडून सोपे करणं हे माझं काम होतं.

इंग्रजी आपल्याला जड जातं ते शब्दांमुळे नाही, जोरामुळे. आपण मराठी काय, तेलुगू काय, शब्दाचे सगळे तुकडे सारख्या मापानं बोलतो. इंग्रजीत तसं चालत नाही. लांब शब्दात एक तुकडा उचलायचा, बाकीचे दाबायचे. 'युनिव्हर्सिटी' घ्या. यु, नि, व्हर्, सि, टी. जोर 'व्हर्'वर. 'कम्युनिकेशन'मध्ये 'के'वर. 'फोटोग्राफ' म्हणताना जोर पहिल्या तुकड्यावर असतो, पण 'फोटोग्राफर' म्हटलं की तो दुसऱ्यावर सरकतो. असा शब्द फळ्यावर लिहून मी त्यात तिरक्या रेघा मारायची आणि मुलांना बाकावर ठोकून दाखवायला लावायची. हलकं, हलकं, जोरात, हलकं, हलकं. खालचे कॉम्प्युटरवाले वैतागून वर यायचे, वर ढोल वाजवता का म्हणून.

मुलं कंटाळली की एक खेळ असायचा. मी मुद्दाम शब्द चुकीचा बोलायची, तोंड वेडंवाकडं करून, शब्द चावून चावून. मुलांनी ओरडायचं, "तप्पु, मॅडम!" तप्पु म्हणजे तेलुगूत चूक. मग सगळ्यांनी मिळून बरोबर ठोकून दाखवायचं. माझी नक्कल बघायला शेजारच्या वर्गातली मुलंही दारात येऊन उभी राहायची. मला नाटकीपणाची हौस दांडगी.

त्या दिवशी फळ्यावर 'रिस्पॉन्सिबिलिटी' लिहिला होता. मी वळले, तोंड उघडलं आणि भलतंच काहीतरी बाहेर आलं. घशात ओला कापूस कोंबल्यासारखं झालं. पुन्हा म्हणून पाहिलं, आणखी वाईट. ओठाची एक बाजू ओघळल्याचं मला जाणवत होतं. वर्ग खूश. "तप्पु! तप्पु!" आणि बाकांवर ठोकाठोक सुरू झाली, बरोब्बर, चौथ्या तुकड्यावर जोर देऊन. मी त्यांना थांबा म्हणत होते. ते जितकं वाकडं निघत होतं तितके ते हसत होते. माझ्या हातून खडू पडला, त्यालाही हसले. मग मी टेबलाच्या कडेला कलंडले तेव्हा कुठं हसणं एकेका बाकावर बंद होत गेलं.

एवढंच सांगायचंय. माणसाचं बोलणं अचानक बदललं, तोंड वाकडं झालं, हातातलं निसटलं, तर थट्टा समजू नका. थट्टा निघाली तर निघू दे, पण आधी उचलून दवाखान्यात न्या.

*

डॉक्टरांनी ह्यांना, म्हणजे आमच्या वसंतरावांना, बाहेर बोलावून सांगितलं. पण वॉर्डाचं दार उघडंच होतं आणि माझे कान शाबूत होते. मेंदूची रक्तवाहिनी तुंबली होती. उजवा हात आणि पाय कमजोर झाले आहेत, ते बरेचसे सुधारतील. बोलण्याचं आत्ता काही सांगता येत नाही. "यांना समजतं सगळं," डॉक्टर म्हणाले, "शब्द आत आहेत, वाट बंद आहे."

हे आत आले ते हसत. इतकं खोटं हसू मी लग्नाच्या अल्बममध्येही पाहिलं नव्हतं. म्हणाले, "काही नाही, थोडा अशक्तपणा आहे." मला इतका संताप आला, आणि तो सांगायची सोय नव्हती. ज्या बाईच्या तोंडाचा पट्टा सुटला की अख्खी गल्ली खिडक्या उघडायची, तिला साधं 'खोटं बोलू नका' म्हणता येईना. मी भिंतीकडे तोंड केलं.

दवाखान्याचा दिवस लवकर सुरू होतो आणि संपता संपत नाही. सुई, गोळी, बेडपॅन, पातळ सांबार-भात, पुन्हा सुई. चादर बदलताना दोन नर्सेस माझ्या अंगावरून सिनेमाच्या गप्पा मारायच्या. आधी चीड यायची. नंतर मी त्या गप्पांची वाट बघायला लागले, कारण माझ्या आजाराबद्दल न बोलणाऱ्या त्या दोघीच होत्या. बेगम बाजारातले ह्यांचे काका-काकू आले ते माझ्या कानाशी येऊन ओरडायला लागले, "सुनंदा, मी काकू! ओळखलंस का?" बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नाही, असं का वाटतं लोकांना कुणास ठाऊक.

वर्गातली मुलंही आली. खाली माना घालून पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. त्यातला एक म्हणाला, "मॅडम, हम समझे आप टेस्ट ले रहे." मला त्याला सांगायचं होतं की बाळा, तुझा जोर बरोबर पडला होता. डावा हात उचलून त्याच्या हातावर ठेवला, तर तो पोरगा हुंदके द्यायला लागला आणि नर्सनं सगळ्यांना बाहेर काढलं.

*

खरी चूक पुढं झाली. चूक म्हणते, पण ती प्रेमानं केलेली होती, म्हणून तर कुणाला रागावता येईना.

आमचं घर काचीगुड्यात. जुन्या हैदराबाद संस्थानातले मराठी आम्ही, सासर मूळ नांदेडकडचं. घरात मराठी, बाजारात दक्खनी हिंदी, ऑफिसात तेलुगू, आणि एकाच वाक्यात तिन्ही आल्या तरी कुणी दचकत नाही. बोलायला शिकवणाऱ्या लतामॅडम दवाखान्यात यायच्या, तेलुगू घरातल्या, शांत स्वभावाच्या. त्यांनी ह्यांना समजावलं, "साहब, चार-चार भाषा एकदम नक्को. मॅडम कन्फ्यूज होते. कोई एक पकडो. मॅडम सबसे ज़्यादा जो बोलते, वो पकडो."

मग माझ्या पलंगाभोवती बैठक बसली. हे, आमची प्राची, जी तेव्हा इंटरला, म्हणजे बारावीला होती, आणि ह्यांच्या आई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. मी मध्ये पडलेली, आणि माझ्याबद्दल बोलणं चाललेलं.

"सबसे ज्यादा म्हणजे इंग्लिशच," हे म्हणाले. "दिवसभर वर्गात इंग्लिश. घरी येऊन बोलून बोलून किती बोलते?"

"घरी पण कमी नाही बोलत," प्राची म्हणाली.

"ते रागावणं झालं. ते धरायचं नाही. शिवाय नोकरी कशावर आहे? इंग्लिशवर. मराठी कुठं जाते? ती आपोआप येईल."

मराठी आपोआप येईल. आमच्यासारख्या घरात हे वाक्य कुणीही उच्चारलं असतं आणि बाकीच्यांनी मान हलवली असती. इंग्रजी कमवायची असते, मराठी काय, असतेच. मीसुद्धा प्राचीला लहानपणापासून हेच ऐकवत आले होते. मी मान हलवली की नाही आठवत नाही. हलवली असावी, कारण मलाही वर्गच दिसत होता. फळ्यापुढं पुन्हा उभं राहता आलं नाही तर मी कोण, हा एकच प्रश्न माझ्या डोक्यात घण घालत होता.

आत्याबाईंनी विचारलं, "म्या काय करू मंग? मला तर येत न्हाई इंग्रजी."

"तुम्ही नुसतं जवळ बसा, आई," हे म्हणाले. "बोलू नका तिच्याशी, म्हणजे गोंधळ नको व्हायला."

आणि त्या माऊलीनं ते पाळलं.

*

घरी आल्यावर ह्यांनी नियम लागू केला. वीज मंडळाच्या अकाउंट्समध्ये आयुष्य गेलेला माणूस, नियम म्हटला की नियम. सकाळी उठल्यापासून, "सुनंदा, यू वाँट टी ऑर यू वाँट मिल्क?" मी काहीही आवाज काढला की "व्हेरी गुड." कप अंगावर सांडला तरी "व्हेरी गुड, नो प्रॉब्लेम." आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी मला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. भाजी आवडली तर दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे, ते कौतुक. आणि आता दिवसातून शंभरदा व्हेरी गुड. मला वाटायचं, मी बायको राहिले नाही, बालवाडीत घातलंय मला.

प्राचीचं इंग्रजी फर्डं, शाळेतलं. तिला माझं अडखळणं बघवायचं नाही, म्हणून माझं वाक्य तीच पुरं करायची. मी 'वॉ' म्हटलं की पाण्याचा ग्लास हजर. मला वॉशरूमला जायचं असायचं. एकदा दार लोटून ती बापाला सांगत होती, "बाबा, मला आईशी इंग्लिशमध्ये बोलवत नाही. दुसऱ्याच कुणाच्या तरी आईशी बोलल्यासारखं वाटतं." हे म्हणाले, "थोडे दिवस. तिच्या नोकरीसाठी करतोय ना आपण?" मग प्राची आत आली आणि म्हणाली, "ममा, मेडिसिन टाइम." तिनं मला जन्मात कधी ममा म्हटलं नव्हतं.

आणि आत्याबाई. सकाळी देवाशी भांडण, मग भाजीवाल्याशी, मग माझ्याशी, मग रेडिओवरच्या बातम्यांशी, असं त्यांचं बोलणं दिवसभर चालायचं. मी कित्येकदा वैतागून म्हणायची, आत्याबाई, जरा दम घ्या. आता त्या माझ्या खोलीत येऊन स्टुलावर बसायच्या, मेथी निवडायच्या, आणि तोंडातून अक्षर काढायच्या नाहीत. काही सांगावंसं वाटलं की ओठ हलायचे आणि मिटायचे. माझी वाचा रोगानं गेली होती, त्यांची आम्ही घालवली. दुपारी घर शांत झालं की आम्ही दोघी मुक्या एकमेकींकडे बघत बसायचो.

*

लतामॅडम घरी येत राहिल्या. ह्यांनी त्यांना माझा धंदा सांगितला होता, म्हणून त्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर लांब लांब शब्द लिहून आणायच्या. आधी नुसतं ठोकायचं, मग गुणगुणायचं, मग बोलायचं. माझ्या वर्गातलीच पद्धत, फक्त आता बाकावर मी होते.

ठोकायला मला एका दिवसात यायला लागलं. डाव्या हातानं टेबलावर हलकं, हलकं, जोरात, हलकं. कुठलाही शब्द द्या, मी त्याचे तुकडे बरोबर पाडायची आणि जोर बरोबर दाखवायची. डोक्यातलं इंग्रजी जसंच्या तसं होतं. पण तोंडातून तो शब्द यायचा तेव्हा सगळे तुकडे सारखे. यु. नि. व्हर्. सि. टी. पाच विटा ओळीनं मांडल्यासारखे. टेबलावर जोर पडायचा, जिभेवर पडायचा नाही.

"सुपर, मॅडम," लतामॅडम म्हणायच्या. "एकदम क्लिअर. सब समझ में आता."

समजायचं, खरंय. घरच्यांचा जीव भांड्यात पडला. भेटायला येणारे म्हणायचे, किती सुधारणा आहे. कुणी म्हणायचं, देवाची कृपा. मी मान डोलवायची आणि आतून खचत जायची. कारण मी शिकवत होते ते समजण्यापुरतं नव्हतंच. समजण्यापुरतं तर ती मुलं आधीच बोलत होती. त्यापुढचा जो एक तुकडा उचलायचा, तेच माझं दुकान होतं, आणि नेमका तोच माल संपला होता. हे दुःख सांगायला लांब वाक्य लागतं. माझ्याकडे दोन-दोन शब्द होते.

घाबरले होते मी. रोज सकाळी डोळे उघडले की आधी जीभ टाळूला लावून बघायची, आहे का जागेवर. आंघोळीला बसले की वाटायचं, पुन्हा तसंच झालं आणि दार आतून लावलेलं असलं तर? चांगली बायको, चांगली पेशंट होण्याच्या नादात ही भीती मी कुणाला दाखवली नाही. आजारी माणसानं हसतमुख राहावं असं सगळे सांगतात. मी सांगते, राहू नका. ते फार थकवतं.

*

एका रविवारी जेवणानंतर सगळे माझ्या खोलीत होते. लतामॅडमनी घरचा अभ्यास दिला होता, कार्डावर नसलेलं कुठलंही एक पूर्ण वाक्य. मी कितीतरी दिवस एकच वाक्य मनात घोळवत होते. हे पेपर वाचत होते. मी टेबलावर टकटक केलं. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"आय," मी म्हटलं. "आय अ‍ॅम. अ-फ्रेड."

आणि जोर पडला. 'फ्रे'वर. आजारपणानंतर पहिल्यांदा माझ्या तोंडात एक तुकडा उचलला गेला आणि दुसरा दबला.

"व्हेरी गुड!" हे उभेच राहिले. "फुल सेंटेन्स! प्राची, ऐकलंस? सुनंदा, वन्स मोअर."

प्राची टाळ्या वाजवत होती. "ममा, अगेन, प्लीज."

मी पुन्हा म्हटलं. आय अ‍ॅम अफ्रेड. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ह्यांचेही डोळे भरले. त्यांना वाटलं, आनंदाचं आहे. मला तिसऱ्यांदा म्हणायला लावलं आणि मी तिसऱ्यांदा म्हटलं, कारण मला वाटत होतं की आता तरी कुणी ऐकेल.

आत्याबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "वसंता, काय म्हनली रे ती?"

"पूर्ण वाक्य बोलली, आई. एकदम करेक्ट."

"त्ये ऱ्हाऊ दे. म्हनली काय?"

ह्यांनी तोंड उघडलं आणि त्यांना मराठीत सांगावं लागलं. "म्हणाली की..." ते थांबले. "म्हणाली, मला भीती वाटते."

ते वाक्य मराठीत बोलल्यावर त्यांना ते ऐकू आलं. मी समोरून पाहिलं, कसं ऐकू आलं ते. चेहरा पांढरा पडला. प्राचीचे टाळीचे हात तसेच एकमेकांवर राहिले.

"मंग हसताय काय रे?" आत्याबाई म्हणाल्या.

त्या उठून माझ्या पलंगावर येऊन बसल्या, नियम मोडून. माझी मान त्यांच्या खांद्यावर घेतली. मेथीचा वास येत होता हाताला. "कशाचं भ्या वाटतंय ग?" त्यांनी विचारलं. मला एवढं लांब उत्तर कुठल्याच भाषेत देता येणार नव्हतं, ते त्यांना माहीत असावं, कारण त्यांनीच एकेक विचारायला सुरुवात केली. "मराचं?" मी हो म्हणून मान हलवली. "पुन्ना तसंच व्हईल म्हून?" हलवली. "साळंत जाता येनार न्हाई म्हून?" तेव्हा मी मान हलवली नाही, नुसती मोठ्यांदा रडले, आणि त्या रडण्यात माझ्या तोंडून "आत्याबाई" असा शब्द आला. लांबच म्हणायचा तो. कुणीही त्याला व्हेरी गुड म्हटलं नाही. हे पलंगाच्या पायथ्याशी बसले आणि माझं पाऊल हातात घेऊन बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी लतामॅडमना सगळं, घरात एरवी मराठीच चालते हेसुद्धा, सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "मैं घर की बात पूछी थी, साहब. ऑफिस की नहीं."

*

त्यानंतर मराठी आली, हळूहळू. आपोआप नाही, आत्याबाईंनी बोलून बोलून आणली. त्या दिवसभर माझ्याशी बोलायच्या आणि उत्तरासाठी खोळंबून बसायच्या, कितीही वेळ लागला तरी. मी पहिलं धड वाक्य म्हटलं ते "वरण अळणी झालंय," आणि त्यावर त्या दिवसभर फुगून बसल्या. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. माझ्या बोलण्याचा कुणाला तरी राग आला होता. हात सुधारला, पाय थोडा ओढत राहिला. दक्खनी आली, तेलुगूही येऊन बसली. इंग्रजीही आली, पण सपाट.

मग क्लास चालवणाऱ्या सरांचा निरोप आला, मॅडम, एकदा येऊन जा. हे मला स्कूटरवर सोडून ऑफिसला गेले, संध्याकाळी न्यायला येतो म्हणाले. मी कॉटनची कडक इस्त्रीची साडी नेसले होते.

सर भला माणूस. चहा मागवला, आजाराची चौकशी केली, इकडचं तिकडचं बोलले. मग संकोचून म्हणाले, "मॅडम, एक पेज पढ़ लेंगे?" आणि टेपरेकॉर्डर पुढं सरकवला. नव्या मास्तरांची परीक्षा आम्ही अशीच घ्यायचो, त्यात काही वावगं नव्हतं. मी लांब शब्दांचं एक पान वाचलं. त्यांनी टेप मागं फिरवली.

घरी मी माझा आवाज आतूनच ऐकत होते. बाहेरून पहिल्यांदा ऐकला. एकेक शब्द स्वच्छ, आणि एकेक शब्द पाट्यासारखा सपाट. मी हातात लाल पेन असल्यासारखी ऐकत गेले. हा चुकला. हाही. हा तर वर्गातला नवा मुलगासुद्धा बरोबर म्हणेल. पान संपायच्या आत मीच टेप बंद केली.

"सर, ये टीचर नहीं चलती," मी म्हटलं.

"नहीं, नहीं, मॅडम. पूरा समझ में आया मुझे."

"समझना अलग है, सर."

त्यांनी टेपरेकॉर्डर बाजूला सरकवला. मग म्हणाले, वर्कशीट करा, शब्दांचे तुकडे पाडून, जोर कुठं ते खुणेनं दाखवून. वर्गात बोलायला दुसरं कुणी उभं राहील. नंतर मी ते काम घेतलं आणि अजून करते आहे, बरं करते. पण त्या क्षणी 'सांगते' एवढंच म्हणून उठले. शेजारच्या वर्गात कुणीतरी नवी बाई 'युनिव्हर्सिटी' म्हणत होती आणि मुलं बाकं ठोकत होती. जोर बरोबर पडत होता. मी भिंतीला हात टेकवत खाली उतरले.

संध्याकाळपर्यंत तिथं थांबणं शक्य नव्हतं. मी रस्त्यावर येऊन ऑटो थांबवला. आजारपणानंतर एकटी पहिल्यांदाच. चालक पांढऱ्या दाढीचा, तोंडात पान. "काचीगुडा," मी म्हटलं, आणि तो निघाला.

मी पदरात तोंड घालून रडत होते. खैरताबाद आलं तेव्हा लक्षात आलं की हा लकडी का पूलकडे वळतोय.

"इधर से नक्को," मी म्हटलं. "हिमायतनगर से लेओ."

"उधर रास्ता बंद है, अम्मा."

"कौन बोला बंद है?"

"मैं बोल रऊँ ना."

"सुबह तो खुल्ला था. मेरे मियाँ उधर से लाए." मला शब्द शोधावे लागत होते, मध्ये थांबावं लागत होतं, पण तो काही माझ्यासाठी थांबला नाही, की हळू बोलला नाही. मला भांडणच चढलं. म्हटलं, आबिदच्या चौकात या वेळेला मुंगीला शिरायला जागा नसते, मला काय परगावची समजलास? म्हटलं, आरसा तोंड बघायला लावलाय की मागचं बघायला? म्हटलं, हा खड्डा तुला दिसला नाही का, माझी कंबर आधीच गेलीय. तो प्रत्येकाला उत्तर देत होता आणि माझ्यापेक्षा वरच्या पट्टीत देत होता. माझी जीभ जड आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. नारायणगुड्यावरून जायला हवं होतं हे मी त्याला तिसऱ्यांदा पटवत होते तेव्हा त्यानं सिग्नलला ऑटो उभा केला, पूर्ण मागं वळला आणि हात जोडले.

"कित्ते बाताँ करते, अम्मा. सर दुख्रा मेरा."

मी पदरानं डोळे पुसले.

"दुखने दे," मी म्हटलं, आणि काचीगुडा येईपर्यंत बोलत राहिले.